मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: पंधरा तास आले कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी जाणाऱ्यांसाठी एक चौकट आली होती. ‘मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर १३,५०० कि.मी., प्रवासाचा वेळ १५ तास.’ खाली जगाचा नकाशा आणि त्यावर तांबडी रेघ. ती मुंबईतून निघून अरबस्तान, सहाराचं वाळवंट, अटलांटिक महासागर असं करत अमेरिकेच्या पार पश्चिम किनाऱ्याला भिडलेली.

अंतराविषयी माझी तक्रार नाही. पृथ्वीच्या गोलावर या दोन विमानतळांमधलं कमीत कमी अंतर साडेतेरा हजारच भरतं. तक्रार आहे ती वेळेविषयी. १३,५०० ला ९०० ने भागलं की १५ येतात, बाकी शून्य. मोठं जेट विमान उंचीवर स्थिर झालं की तासाला साधारण ९०० कि.मी. जातं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणजे कुणीतरी टेबलाशी बसून भागाकार केला आणि तो छापून आला. मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. उमेदीची सगळी वर्षं वेळापत्रकं लावण्यात आणि ती कोलमडली की प्रवाशांची बोलणी खाण्यात गेली. कुणी बाकी शून्य येणारा रनिंग टाइम पुढ्यात ठेवला की मला पहिला संशय यायचा, की हा माणूस त्या रस्त्याने गेलेलाच नाही.

एका चौकटीसाठी एवढं लांब पत्र का, असं आपल्याला वाटेल. पण आज राजारामपुरीत, नागाळा पार्कात, रुईकर कॉलनीत गल्लीआड एक तरी घर असं आहे, की ज्यांचं पोर कॅलिफोर्नियात आहे. आमचीही लेक-जावई तिकडंच. ही माणसं आपली चौकट कापून फ्रिजवर चिकटवतात. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी त्या पंधरा तासांवर भरवसा ठेवून लेकीला फोन लावायला सुरुवात केली. सोळावा तास गेला, सतरावा गेला. अंबाबाईला ओटीचा नवस बोलून झाला, तेव्हा कुठं पोरीचा ‘उतरले’ म्हणून मेसेज आला. विमान वेळेवरच होतं. उशीर झाला होता तो आपल्या चौकटीला.

आता मुद्द्याचं सांगतो. आधी ती तांबडी रेघ.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेघ हा जवळचा रस्ता नसतो. घरात नातवंडांचा पृथ्वीगोल असेल तर त्यावर मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये एक दोरा ताणून बघावा. तो अरबस्तानाकडे वळतच नाही. मुंबईतून निघतो तो जवळजवळ थेट उत्तरेला. दिल्ली थोडी उजवीकडे ठेवून लडाख, तिथून चीनचा शिनजियांग प्रांत, मग सायबेरिया, मग रशियाच्या उत्तरेचा गोठलेला समुद्र आणि तिथून अलास्कावरून खाली. उत्तर ध्रुव त्या दोऱ्यापासून दीड हजार कि.मी.सुद्धा लांब राहत नाही. साडेतेरा हजारांचं अंतर आहे ते या वाटेचं. आपण अंतर छापलं एका वाटेचं आणि रेघ काढली दुसऱ्याच वाटेची. पट्टीने काढलेल्या रेघेची खरी लांबी गोलावर मोजली तर ती कितीतरी जास्त भरेल.

यातूनच दुसरी एक गंमत दिसते. मुंबईहून दुबई पश्चिमेला सुमारे १,९०० कि.मी. दुबईला पोचलो म्हणजे अमेरिका तेवढी जवळ आली असं कुणालाही वाटेल. पण दुबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर आहे १३,००० च्या थोडं वर. म्हणजे दोन हजारांच्या आसपास उडून आपण जेमतेम साडेचारशे-पाचशे कि.मी. जवळ गेलो. जवळचा रस्ता उत्तरेला आणि आपण गेलो पश्चिमेला, दुसरं काय होणार? दुबईमार्गे जाऊ नये असं मी म्हणत नाही. तिकीट स्वस्त पडतं म्हणून निम्मी मंडळी तशीच जातात. पण त्यांच्यासाठी तो १५ चा आकडा बिनकामाचा आहे.

जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियात मगदानला उतरवावं लागलं होतं. त्या वेळी रंकाळ्यावर आमच्या सकाळच्या कट्ट्यात एकच चर्चा. अमेरिकेला निघालेलं विमान रशियात कशाला कडमडलं? चुकलं काय वाटेत? चुकलं नव्हतं. गोलावर दोरा ताणला की मगदान त्या बाजूलाच येतं. आपल्या नकाशातली रेघ खरी मानली तर मात्र त्या बातमीचा अर्थच लागत नाही.

कट्ट्यावरचा आणखी एक सिद्धांत इथं नोंदवतो, कारण तो नुसता आमच्याच कट्ट्यावर नाही. आमचे एक मित्र म्हणतात, “पृथ्वी खालनं फिरतीया न्हवं? मग विमान नुसतं वर थांबलं तरी अमेरिका आपसूक खाली येईल की!” ऐकायला झकास आहे. पण कोल्हापूरच्या अक्षांशावर जमीन तासाला सुमारे १,६०० कि.मी. वेगाने पूर्वेला जात असते. त्यांचं खरं असतं तर रंकाळ्याच्या कट्ट्यावर अर्धा सेकंद उडी मारणारा गडी दोनशे मीटर मागं पाण्यात पडायला पाहिजे. तसा कुणी अजून पडलेला नाही. जमिनीबरोबर हवाही फिरते, आपणही फिरतो आणि विमानही.

फरक पडतो तो त्या हवेतल्या वाऱ्याने, आणि आपली चौकट खरी फसली ती इथं. साधारण नऊ ते बारा कि.मी. उंचीवर, म्हणजे विमानं जिथून जातात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो आणि वेग तासाला दोनशे कि.मी.च्या वरही जातो. विमानाचा ९०० हा वेग हवेतला; जमिनीवरून मोजायचा तर त्यात वारा मिळवायचा किंवा वजा करायचा. समजा सगळ्या वाटेवर सरासरी १०० चा वारा पाठीमागून मिळाला. मग १३,५०० भागिले १,००० म्हणजे साडेतेरा तास. तोच वारा समोरून आला तर १३,५०० भागिले ८००, म्हणजे सतरा तासांना सात-आठ मिनिटं कमी. तेच विमान, तेच दोन विमानतळ आणि फरक सव्वातीन तासांच्या वर. आणि दोन्हींची सरासरी काढली तरी पंधरा येत नाही, सव्वापंधराच्या जवळ येते. कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून असतं, पाठीमागच्या वाऱ्यात कमी. जाताना गमावलेलं येताना पुरतं भरून निघत नाही.

हे एस.टी.तल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. कोल्हापूर-रत्नागिरी गाडी आंबा घाट उतरून साखरप्याला जाते, तीच भरलेली गाडी साखरप्याहून घाट चढून वर येते. अंतर सारखं, भाडंही सारखंच, कारण भाडं सहा कि.मी.च्या टप्प्यावर ठरतं. पण चढाला आणि उताराला एकच वेळ धरून नियंत्रकाने फेरी लावली, तर दोन दिवसांत ड्रायव्हर मंडळी त्याच्या केबिनच्या दाराशी उभी राहतील.

वाऱ्याची किंमत केवढी असते, याचं आपल्याच देशातलं उदाहरण आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, अंतर सुमारे १३,९०० कि.मी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० कि.मी. झालं आणि वेळ मात्र जवळपास दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. चौदाशे कि.मी. जास्त आणि दोन तास कमी! येताना ते अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेच्याच दिशेने यायचं. एका जाण्यायेण्यात पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण. ज्या कुणी ही वाट आखली त्याला मी मनोमन सलाम केला होता. आपल्या चौकटीच्या हिशोबाने मात्र या विमानाला सतरा तास लागायला हवे होते.

याहून ठसठशीत दाखला हवा असेल तर फेब्रुवारी २०२० मधला घ्या. अटलांटिकवर वादळ होतं आणि ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात. त्याच वाऱ्याला तोंड देत उलट निघालेल्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

गोलावरची जवळची वाट विमानाला जशीच्या तशी मिळत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. हिमालय आणि तिबेटच्या पठारावरून शक्यतो जात नाहीत, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणावं लागतं आणि तिथं डोंगरच त्याहून उंच. मग आकाशातल्या सीमा. फेब्रुवारी २०१९ च्या शेवटी बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं ते जुलैच्या मध्यापर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा भारतीय विमानांना बंदी आली. फटका दिल्लीला जास्त, कारण मुंबईच्या विमानांना अरबी समुद्र मोकळा आहे. दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं तेव्हा इंधन भरायला व्हिएन्नात थांबवावी लागली. रशियाचं आकाश अमेरिकी कंपन्यांना २०२२ पासून बंद. म्हणजे त्याच दोन विमानतळांमधली वाट कंपनी कुठल्या देशाची यावरही बदलते. हे सगळं एका चौकटीत मावणार नाही, मान्य. पण ‘सुमारे’ हा शब्द मावला असता.

आता घड्याळाचं. तिकिटावर सुटण्याची वेळ त्या गावची आणि पोचण्याची वेळ ह्या गावची छापलेली असते. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेतेरा तास मागे. समजा विमान मुंबईहून सोमवारी पहाटे २ ला सुटलं आणि साडेसतरा तासांनी पोचलं. आपल्याकडे सोमवारचे संध्याकाळचे साडेसात झालेले, तिकडे सोमवारचेच सकाळचे ६. तिकीट वाचणाऱ्याला वाटतं चार तासांचाच प्रवास आहे. परत येताना ते सोमवारी रात्री ८ ला निघालं आणि सोळा तास उडालं, तर मुंबईत बुधवारी मध्यरात्रीनंतर दीड वाजता उतरेल. कागदावर साडेएकोणतीस तास! आमच्या सौ.ने यावर सोपा उपाय काढलाय, तो वाचकांनाही उपयोगी पडेल. ती पोचण्याची वेळ आधी आपल्या घड्याळात बदलून घेते आणि मगच वजाबाकी करते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात, तेव्हा साडेतेराच्या जागी साडेबारा धरायचे. तेवढा एक तास विसरला की पोरं तिकडं एअरपोर्टवर आपली वाट बघत बसतात, नाहीतर आपण त्यांची.

तिकिटावरच्या वेळेविषयी अजून एक. सुटण्याची वेळ ही विमान जागेवरून हलण्याची असते, चाकं धावपट्टी सोडतात त्या क्षणाची नसते. तसंच पोचण्याची वेळ म्हणजे विमान आपल्या जागी येऊन थांबण्याची. यामधल्या अवधीला ते लोक ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईसारख्या गर्दीच्या ठिकाणी धावपट्टीची रांग त्यातच आली. कंपन्या त्यात थोडी राखीव मिनिटंही धरतात, म्हणून कधीकधी ‘आपण वीस मिनिटं आधी उतरत आहोत’ अशी अभिमानाची घोषणा होते. राखीव मिनिटं आम्हीही धरायचो. फक्त लवकर पोचल्याचं कौतुक एस.टी.त कुणी केलं नाही. म्हणून वाचकाला हवा तो ब्लॉक टाइम. तो कंपनीच्या वेळापत्रकात तयार मिळतो, भागाकाराची गरजच पडत नाही.

आणि शेवटी आपल्या कोल्हापूरचं. आपलं दैनिक कोल्हापुरात निघतं, वाचणारे आपण कोल्हापूरचे, पण चौकट सुरू होते मुंबईपासून. जणू सगळ्यांची घरं सहार विमानतळाच्या दारातच आहेत. कोल्हापूर ते मुंबई सरळ रेषेत तीनशेच्या आसपास, रस्त्याने पावणेचारशेच्या वर. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे नाके, खंबाटकी, सहापदरीकरणाच्या कामाची वळणं, मग पुणं ओलांडायचं आणि एक्सप्रेस वेवर घाटात काय वाढून ठेवलंय ते देवाला ठाऊक. गाडीवाला सात तास सांगतो. शहाणा माणूस दहा धरतो. त्यावर तीन तास आधी विमानतळावर हजर राहायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीला हायवेवर पंचगंगेचं पाणी आलं आणि रस्ता काही दिवस बंदच राहिला. २०२१ च्या जुलैतही तेच. पावसाळ्यातली तिकिटं काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, एक दिवस आधी पुण्यात किंवा मुंबईत जाऊन राहावं.

उजळाईवाडीचं विमान आहे, हे मला ठाऊक आहे. १९३९ साली राजाराम महाराजांच्या काळात ज्या गावाला धावपट्टी मिळाली, तिथं मार्च २०२४ मध्ये नवं टर्मिनलही झालं. मुंबईला तासाभरात नेऊन सोडतं. पण परदेशाची विमानं बहुतेक मध्यरात्रीनंतरची. दिवसा मुंबईत उतरलात तर बाकीचा दिवस बॅगा राखत काढायचा. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बॅगा मुंबईत स्वतः घेऊन पुन्हा द्याव्या लागतात आणि पहिलं विमान रद्द झालं तर दुसरी कंपनी थांबत नाही. ओळखीतल्या एका कुटुंबाला हे विमानतळावर उभं राहून कळलं. एकाच तिकिटात दोन्ही टप्पे मिळत असतील तर दोन पैसे जास्त गेले तरी ते घ्यावं. सगळं धरून कोल्हापूरच्या उंबऱ्यापासून सॅन फ्रान्सिस्कोत लेकीच्या दारापर्यंत दीड दिवस जातो, एक थांबा असेल तर त्याहून जास्त. दीड दिवस म्हटलं की म्हातारी माणसं औषधाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत घेतात. पंधरा तास म्हटलं की त्या मोठ्या बॅगेत जातात.

तेव्हा विनंती अशी. अंतर छापायचं तर छापा, पण त्याच्या बळावर वेळ काढू नका. जाण्याचा आणि येण्याचा ब्लॉक टाइम वेगवेगळा द्या, उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकांत फरक असेल तर दोन्ही द्या. थांब्याचं विमान असेल तर थांब्यावरचे तास त्यात धरा. सुटण्या-पोचण्याच्या स्थानिक वेळा देऊन कंसात भारतीय वेळ घाला. नकाशा काढणाऱ्याला एक पृथ्वीगोल आणून द्या, शहरात कुठल्याही शालेय साहित्याच्या दुकानात मिळतो. आणि चौकटीची पहिली ओळ कोल्हापुरातून सुरू करा.

पुढच्या रविवारी मुंबई-सिडनी येणार असं आपण जाहीर केलंच आहे. अंतर दहा हजारांच्या थोडं वर. तिथं उन्हाळा आपल्या हिवाळ्यात असतो, त्यामुळे सिडनीचं घड्याळ डिसेंबरात आपल्यापुढे साडेपाच तास आणि जूनमध्ये साडेचार तास असतं. ते तेवढं आठवणीने छापावं.

आपला नियमित वाचक,
एक सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक,
शाहूपुरी, कोल्हापूर